संघाच्या सभासदांसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं आहे, सुरुवात कुठून करू?

बागायतदार_पावस

नमस्कार मंडळी. पावस-गणेशगुळे पट्ट्यातल्या आमच्या आंबा बागायतदार संघाचं सचिवपद या वर्षी माझ्याकडे आलंय. साधारण साडेतीनशे सभासद. निम्मेअधिक मुंबईला, बाग इथे भाऊ नाहीतर पुतण्या बघतो, काहींनी कराराने दिलेली. सभासदांची यादी तीन ठिकाणी आहे: जुनं रजिस्टर, संगणकावरची श्रीलिपी फॉन्टात टंकलेली फाईल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. फळपीक विम्याची मुदत नोव्हेंबरअखेर संपते, ती सूचना ग्रुपवर पडते आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

एका कंपनीने सभासद व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर दाखवलं. वर्गणी, पावत्या, निवडणुकीची यादी, सगळं त्यात आहे. पण कार्यकारिणीतले जुने लोक विचारतात, यात सभासदाच्या पदरात काय पडणार? मला पटेल असं उत्तर देता येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगावं.

कुडाळ_हिशेबनीस

साडेतीनशे सभासदांना गूगल शीट पुरते. आधी एक वर्ष शीट नीट चालवून दाखवा, मग पैसे घाला. फुकटातलं हवं असेल तर सिव्हीसीआरएम आहे, खास संस्थांसाठीच बनवलेलं, मुक्त स्रोत (ओपन सोर्स). मुंबईच्या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअरही मुक्त स्रोत आहे. पण दोन्ही बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो गावात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सचिव_हर्णै

मी दापोली तालुक्यात मच्छीमार सहकारी सोसायटीची सचिव आहे. तुमचा आंबा, आमची मासळी, पण दुखणं तेच, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या जुन्या लोकांनी योग्य जागी बोट ठेवलंय. कंपनीवाले वर्गणीपासून सुरू करतात, कारण वर्गणी ही संस्थेची गरज. सभासद खिडकीशी येऊन काय विचारतो ते आधी लिहून काढा. आम्ही त्यासाठी वेगळी वही ठेवली होती. डिझेलचा परतावा जमा झाला का? नौकेचा परवाना कधी संपतोय? विम्याला कुठला कागद राहिलाय? फिरून फिरून हेच तीन प्रश्न. वर्गणीचं क्वचित कोणी विचारलं. मग आम्ही कंपनीला सांगितलं की सभासदाचं पान उघडल्याबरोबर ही तीन उत्तरं वर दिसली पाहिजेत, बाकीचं खाली. आता फोन आला की धरून ठेवायला न सांगता उत्तर देता येतं. तुमच्याकडे विमा, ई-पीक पाहणी, फवारणीचं वेळापत्रक असे प्रश्न निघतील, पण ते तुमच्या वहीतून निघू देत, माझ्या यादीतून नकोत.

दुसरी गोष्ट नावांची. आमच्या एकाच वाडीत एकाच नावाचे तिघे आहेत, त्यातल्या दोघांच्या वडिलांचंही नाव एक. माणूस ओळखला जातो तो नौकेच्या नावावरून. म्हणून आम्ही सभासद क्रमांक पक्का धरला आणि शोधण्यासाठी नौका, वाडी आणि हाक मारायचं नाव असे रकाने करून घेतले. कंपनीच्या तयार साच्यात ईमेल सक्तीचा होता. नौका चालवणाऱ्या तांडेलाने तो कुठून आणायचा? सक्ती काढल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणून आम्ही अडून बसलो, तेव्हा ती निघाली. तुम्ही बागेचं नाव, गट क्रमांक आणि सातबारावरचे सहहिस्सेदार यांना जागा ठेवा. कोकणात एका सातबारावर किती नावं असतात ते मी तुम्हाला काय सांगू.

फोनचे रकाने मात्र दोन हवेतच. एक सभासदाचा, दुसरा खरोखर फोन उचलून काम करणाऱ्याचा. आमचे लोक समुद्रात गेले की थोड्या वेळात रेंज जाते. पेटीतला कागद काढून सोसायटीत आणून देते ती बायको नाहीतर सून. मग मेसेज तिला गेला पाहिजे, नावाने गेला पाहिजे. हा दुसरा रकाना भरल्यापासून कागद वेळेत यायला लागले, आणि बायका थेट फोन करून स्वतःचे प्रश्न विचारायला लागल्या. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. तुमच्याकडे मालक परळला आणि बाग राखणारा गणेशगुळ्याला असेल, तर दोघांनाही कळवा. कराराने बाग घेतलेल्याचा विमा असेल तर भाडेकरार लागतो, त्याची नोंदही त्याच पानावर ठेवा.

एसएमएसबद्दल कंपनीवाले आपणहून सांगत नाहीत ते सांगते. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. ‘नोव्हें’ एवढ्यातच सात गेली. ७० च्या वर गेलात की दोन मेसेजचे पैसे. ‘विमा मुदत ३० नोव्हें. सातबारा, आधार घेऊन संघात या.’ हे पन्नासात बसतं. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ यातच निम्म्याहून जास्त जागा जाते. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे मजकुराचा साचा डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तेव्हा विम्याचे, सभेचे, वर्गणीचे साचे पावसाळ्यातच नोंदवून ठेवा. मुदतीच्या आदल्या दिवशी ते होत नाही.

आणि कागद सोडू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात खांब आडवे झाले, कितीतरी दिवस वीज नाही, फोन नाहीत. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा हातात काय होतं, तर वाडीवार छापील यादी. आजही दर महिन्याला ती यादी छापून सोसायटीच्या कपाटात ठेवतो.

यादी दुरुस्त कधी करायची, तर माणसं गावात असतात तेव्हा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका वर ओढलेल्या, सगळे घरी. तेव्हाच घरोघर फिरून यादी धुऊन घेतली. तुमचे चाकरमानी गणपतीला येतील, त्या दिवसांत वाडीत टेबल टाकून बसा.

रत्नागिरी_लेखापरीक्षण

ताईंनी कामाचं सगळं सांगितलंय. दोन कायदेशीर मुद्दे तेवढे जोडतो. संघ १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेला असेल तर ‘आय’ नमुन्यातलं सभासद रजिस्टर आणि ‘जे’ नमुन्यातली यादी ठेवावीच लागते. सॉफ्टवेअरमधून ती नेमक्या त्याच नमुन्यात निघते का ते बघा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, त्याची आठवण लावून ठेवा. दुसरं, आधार कार्डांचे फोटो जमवू नका. शेवटचे चार अंक पुरतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, माहिती कशासाठी घेतोय ते सभासदाला सांगून, संमती घेऊनच घ्या.

बागायतदार_पावस

सगळ्यांचे मनापासून आभार. वही उद्यापासूनच ठेवतो. ताई, आणखी एक विचारतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, त्यात आमच्या काही सभासदांनी अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते नाव लावायची परवानगी असलेला, म्हणून नोंदणी केली आहे. तेही यात घालावं का? आणि वर्गणी यूपीआयने घेतली तर पैसे मुलाच्या खात्यातून येतात, नाव जुळत नाही. ते कसं सांभाळता?

सचिव_हर्णै

मानांकन घालाच. ती नोंदणी १० वर्षांची असते, पण मूळ मानांकनाची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच. म्हणून अंदाजाने तारीख टाकू नका, प्रमाणपत्र बघून टाका आणि सहा महिने आधीची आठवण लावा. पेटीवर मानांकनाचं नाव लावणाऱ्या माणसाला हे ऐन हंगामात कळणं बरं नाही.

यूपीआयला आम्ही प्रत्येकाला त्याचा सभासद क्रमांक असलेला वेगळा क्यूआर काढून दिला. पैसे कोणीही भरो, नोंद त्या क्रमांकावर बसते आणि पावती दोन्ही फोनवर जाते. तुमच्या बँकेत विचारा.

कंपनीशी करार करण्याआधी त्यांना समोर बसवून तुमच्याच पाचपन्नास सभासदांची माहिती भरायला लावा, आणि तिथल्या तिथे ती एक्सेलमध्ये बाहेर काढून मागा. जोडाक्षरं शाबूत आली, सगळे रकाने आले, तर पुढचं बोला. करारातही लिहून घ्या की संघाने सॉफ्टवेअर सोडलं तरी माहिती याच स्वरूपात, जादा पैसे न घेता परत मिळेल.