अकीकाच्या पदकावर दगडाची मूळ साल ठेवावी का?

प्रश्न (पैठण तालुका): नांगरट झाली की आमच्या रानात अंड्याएवढ्या गारगोट्या वर येतात. त्यांतली एक कापून घेतली, तेव्हा आत राखाडी-पांढरे पट्टे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक दिसले. तो अकीक होता. चांदीच्या कोंदणात त्याचे पदक करावे आणि दगड कुठे घडला याची खूण म्हणून बाहेरची खरबरीत, हिरवट साल तशीच राहू द्यावी, असे मला वाटते. परंतु सराफ म्हणतात की, सगळा दगड घासून चकचकीत केल्याशिवाय गिऱ्हाईक त्याला हात लावणार नाही. शिवाय विहिरीच्या खोदकामात निघालेला झिओलाइटचा (लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत वाढणाऱ्या स्फटिकांचा) एक गुच्छ माझ्याकडे आहे. तो अंगठीत बसेल का?

उत्तर १: ताई, साल अवश्य ठेवा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत झिरपलेल्या पाण्यातील सिलिका भिंतीपासून आत थरावर थर साचत गेली आणि अकीक तयार झाला. म्हणजे तुमची साल ही त्या पोकळीच्या भिंतीला टेकलेली बाजू आहे. कोंदणाची पट्टी जिथे दगडाला धरते, तेवढीच कड घासून समतल करावी. गुजरातेतल्या खंबात गावी लाली येण्यासाठी अकीक भाजतात, परंतु तुमचा राखाडी रंग मला अधिक मोलाचा वाटतो.

झिओलाइट मात्र अंगठीत नको. तो चाकूने ओरखडतो, ठोकर लागली की ढलपी निघते आणि तापवल्यास त्यातले पाणी निघून जाते. कानातल्यात चालेल, पण डाग लावण्याचे, म्हणजे चांदीचे सांधे तापवून जोडण्याचे काम आणि आम्लातली सफाई पूर्ण झाल्यावरच तो बसवावा.

उत्तर २: पैठणचा दगड ही काही नवी कल्पना नव्हे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या अशाच पट्टेदार दगडांचा उल्लेख आहे. आपल्या पदकाचा घाट त्या काळच्या मण्यांवरून घ्यायचा असेल, तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात जाऊन ते डोळ्यांनी पाहावेत. एक कळकळीची विनंती: पावसानंतर पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर उघडे पडणारे जुने मणी कृपया उचलू नयेत. मणी कोणत्या थरात होता हे एकदा हरवले की त्याचा इतिहास परत जुळवता येत नाही.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. गारगोटी बांधावरचीच आहे, पांढरीची नाही. साल ठेवते आणि झिओलाइटची कुडी करून घेते.