ऑटोमोटिव्ह स्पाइसचं पॉकेट गाइड खरंच कामाचं असतं का, की मूळ पीडीएफच वाचायची?

टेस्टरबाई_हिंजवडी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका टियर वन कंपनीत (गाडी कंपन्यांना थेट माल पुरवणाऱ्या) टेस्टिंगला होते, आता अचानक प्रोसेस टीममध्ये टाकलंय. दिवाळीनंतर जर्मन ओईएमचं, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं, ऑटोमोटिव्ह स्पाइसचं (गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवायची पद्धत तपासायचं मॉडेल) असेसमेंट आहे, त्यांना लेव्हल २ पाहिजे, आणि मॅनेजर म्हणतात "सगळं वाचून घे आणि गॅप काढ". आता सगळं म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नसावं असा माझा अंदाज 😅

मूळ मॉडेलची ४.० ची पीडीएफ उतरवून घेतली पण ती वाचताना वाक्यच्या वाक्य डोक्यावरून जातात, "एन्शुअर कन्सिस्टन्सी अँड एस्टॅब्लिश बायडायरेक्शनल ट्रेसेबिलिटी" (म्हणजे रिक्वायरमेंट ते टेस्ट सगळं जुळवा आणि दोन्ही दिशांनी जोडा), बरं मग पुढे काय करू ते सांगा ना. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला, त्याच्या ड्रॉवरमध्ये जुन्या ३.१ व्हर्जनचं छोटंसं स्पायरलवालं पॉकेट गाइड मिळालं, ते मस्त सुटसुटीत आहे. शिवाय टीममधला एक जण म्हणतो की गाइडलाइन्सचं जाड पुस्तक विकत घ्यायला लाव कंपनीला.

माझी शंका अशी की माझ्या आधीच्या कंपनीत सीएमएमआय (असंच एक प्रोसेस मॉडेल) होतं आणि तिथे सगळा कारभार एका एक्सेल चेकलिस्टवर चालायचा, मूळ मॉडेल कोणी उघडलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि तरी लेव्हल मिळायची. मग ही गाइडं नक्की कोणासाठी असतात? शिकायला उपयोग होतो की फक्त असेसमेंटच्या आदल्या रात्री घोकायला?

बगशिकारी_नाशिक

कोणाकडे त्या गाइडलाइन्सच्या पुस्तकाची पीडीएफ आहे का, असेल तर टाका प्लीज

लेव्हलदोन_ला_पोचलो

@बगशिकारी मूळ मॉडेल व्हीडीए क्यूएमसीच्या (जर्मन वाहन उद्योग संघटनेचं क्वालिटी सेंटर) साइटवर फुकट मिळतं, रीतसर. गाइडलाइन्सचं पुस्तक विकतचं आहे, ते कंपनीला घ्यायला लावा, इथे मागू नका, धागा उडवतील.

आता टेस्टरबाईंसाठी. मी इन्टॅक्सचा (असेसरना सर्टिफिकेट देणारी संस्था) प्रोव्हिजनल, म्हणजे पहिल्या पायरीचा, असेसर आहे, मोठा तज्ज्ञ नाही, पण असेसमेंटला टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. तुमच्यासमोर तीन वेगळी डॉक्युमेंटं आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत, ती एकाच कामाला लावली की घोळ होतो.

मूळ मॉडेलमध्ये प्रत्येक प्रोसेसचा एक उद्देश असतो आणि आउटकम, म्हणजे तिच्यातून दिसायला हवेत ते परिणाम, असतात. खरं बंधन त्या आउटकमचं. खाली ज्या बेस प्रॅक्टिस लिहिलेल्या आहेत त्या इंडिकेटर, म्हणजे आउटकम साधलं की नाही हे असेसरला दिसावं म्हणून दिलेल्या खुणा. हे कळलं की अर्धी भीती जाते, कारण मग तुम्ही विचारता की आपल्याकडे हे घडतंय का, आणि घडतंय तर कुठे दिसतं. काही पॉकेट गाइडमध्ये जागा वाचवायला नेमके आउटकम आणि नोट्स उडवलेल्या असतात आणि बेस प्रॅक्टिसच्या एकेक ओळी उरतात. ज्याला मॉडेल आधीच माहीत आहे त्याला आठवण द्यायला ते झकास. नवीन माणसाला मात्र त्यातून वाटतं की या सगळ्या ओळींवर टिक मारली की झालं.

आणि जाड पुस्तकात रेटिंगचे नियम असतात, म्हणजे अमुक कमी असेल तर तमुक प्रॅक्टिसला किती खाली आणायचं, किंवा अमुक गोष्ट नाही म्हणून खाली आणायचं नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे बरं का, कारण प्रोसेसवाले लोक घाबरून नको ती डॉक्युमेंटं मागतात आणि डेव्हलपर वैतागतात, तिथे ते नियम दाखवून तुम्ही सांगू शकता की हे कोणी मागितलेलंच नाही.

ड्रॉवरमधलं ३.१ चं गाइड मात्र जपून. उदाहरण देतो, एसडब्ल्यूई.१ म्हणजे सॉफ्टवेअर रिक्वायरमेंटची प्रोसेस, ३.१ मध्ये तिला आठ बेस प्रॅक्टिस होत्या, ४.० मध्ये सहा आहेत. ट्रेसेबिलिटी आणि कन्सिस्टन्सी वेगवेगळ्या होत्या त्या एक झाल्या, व्हेरिफिकेशन क्रायटेरियाची वेगळी प्रॅक्टिस गेली. तुम्ही टेस्टिंगच्या आहात तर एसडब्ल्यूई.४ बघा, ३.१ मध्ये पहिलीच प्रॅक्टिस युनिट व्हेरिफिकेशनची स्ट्रॅटेजी लिहा अशी होती, ४.० मध्ये स्ट्रॅटेजी लेव्हल १ मधून काढून लेव्हल २ च्या जेनेरिक प्रॅक्टिसमध्ये (सगळ्या प्रोसेसना सारख्याच लागू) नेलीये. जुन्या गाइडवरून गॅप काढलात तर गॅप चुकीच्या खणात पडेल. आधी ओईएमला विचारा की असेसमेंट कुठल्या व्हर्जनवर आहे, मग वाचायला बसा.

कोथरूडचे_काका

टेस्टरबाईंचा एक्सेलचा किस्सा वाचून हसू आलं कारण हे दुखणं मॉडेलाइतकंच जुनं आहे, किंबहुना मॉडेलाच्या आधीचं आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याला प्रश्न पडला होता की सॉफ्टवेअरचं कंत्राट द्यायचं तर कोणाला, सगळेच म्हणतात आम्ही उत्तम. त्यांच्या पैशावर १९८४ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात एसईआय (सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट) निघालं, तिथे आयबीएममधून वॉट्स हम्फ्री आले, आणि १९८७ मध्ये त्यांनी आधी काय काढलं तर एक प्रश्नावली. विचार असा की प्रश्न विचारत विचारत त्या कंपनीची प्रोसेस कशी आहे ते समजून घ्यायचं. झालं काय, लोकांनी प्रश्नावलीलाच मॉडेल समजायला सुरुवात केली, हो हो हो लिहिलं की आपण पास. एसईआयने हे स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. म्हणून मग १९९१ मध्ये सीएमएम, म्हणजे सीएमएमआयचा पूर्वज, असं सविस्तर मांडलं आणि १९९३ मध्ये १.१ आलं, १८ की प्रोसेस एरिया, प्रत्येकीची उद्दिष्टं आणि प्रॅक्टिस. म्हणजे मॉडेलचं लांबलचक पुस्तक आलंच मुळी चेकलिस्टचा गैरवापर झाला म्हणून! आणि तीस वर्षांनी आपण काय करतोय तर त्या पुस्तकाची परत चेकलिस्ट करून ती खिशात घालून फिरतोय 😀

आपल्याकडे ही लाट बंगलोरहून आली, मोटोरोलाच्या तिथल्या सेंटरला अगदी सुरुवातीच्या काळात लेव्हल ५, म्हणजे सगळ्यात वरची, मिळाली होती, मग नव्वदचं दशक संपता संपता सगळ्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या मागे लागल्या. त्या काळात आमच्याकडे एसईआयच्या रिपोर्टची झेरॉक्स फिरायची, फुकट होता तो रिपोर्ट, कोणीही घ्यावा. लेव्हलवाल्या पाट्या रिसेप्शनला लागल्या पण झेरॉक्स वाचलेला माणूस मजल्यावर एखादाच सापडायचा. हम्फ्रींच्या नावाची एक सॉफ्टवेअर क्वालिटीची संस्था २००० साली चेन्नईत निघाली हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

सीएमएमआय १.३ ची पीडीएफ पाचशेच्या आसपास पानांची होती आणि त्यात सुरुवातीलाच सांगितलेलं की गोल हे आवश्यक, प्रॅक्टिस अपेक्षित, आणि बाकी सबप्रॅक्टिस, उदाहरणादाखल दिलेली वर्क प्रॉडक्टं (कामातून निघणारी डॉक्युमेंटं वगैरे), नोट्स हे सगळं फक्त माहितीसाठी. म्हणजे बहुतेक पानं माहितीसाठी! पण ती वाचायची कोणाला फुरसत, आमच्या टेंप्लेटवाल्यांनी त्या उदाहरणांच्या यादीतली प्रत्येक ओळ एकेक टेंप्लेट करून ठेवली होती आणि प्रोजेक्ट मॅनेजर बिचारे रात्री बसून ती भरायचे. मूळ पुस्तक वाचलं असतं तर निम्मी टेंप्लेटं जन्मालाच आली नसती. त्यामुळे बाई, कंटाळवाणं असलं तरी मूळ पीडीएफची सुरुवातीची पानं, जिथे काय बंधनकारक आणि काय नाही ते लिहिलेलं असतं, तेवढी तरी वाचाच.

सेगफॉल्ट_साहेब

काका तुमचा इतिहास भारी आहे पण एक डेव्हलपर म्हणून बोलतो, मूळ वाचा नाहीतर गाइड वाचा, आमच्यापर्यंत येताना त्याचं "शुक्रवारपर्यंत ट्रेसेबिलिटी लिंक भरा" एवढंच होतं. कोड लिहून झालेला असतो, टेस्ट झालेली असते, गाडी रस्त्यावर टेस्टला गेलेली असते आणि आम्ही टूलमध्ये बसून रिक्वायरमेंटला टेस्टकेस जोडतोय, ज्याला जमेल त्याला जोडतोय. असल्या लिंकचा कोणाला काय उपयोग?? माझ्या मते ही सगळी गाइडं असेसमेंट घेणाऱ्यांच्या आणि क्लास घेणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी आहेत.

श्टुटगार्टवासी_पुणेकर

साहेब, राग समजतो, पण शुक्रवारच्या लिंक पकडल्या जातात. मी इकडे ओईएमच्या बाजूला सप्लायर क्वालिटीत आहे, असेसमेंटला बसतो. आमचे लोक एक रिक्वायरमेंट उचलतात आणि म्हणतात हिची टेस्ट दाखवा, मग त्या टेस्टचा रिझल्ट दाखवा, मग म्हणतात ही रिक्वायरमेंट मध्ये बदलली होती त्याची चेंज रिक्वेस्ट दाखवा आणि त्या बदलानंतर टेस्ट बदलली का ते दाखवा. लिंक घाईत भरल्या असतील तर तिसऱ्या क्लिकला कळतं, कारण तारखा टूलमध्येच असतात. खऱ्या लिंकचा उपयोग तिथेच आहे, रिक्वायरमेंट बदलली की कुठल्या टेस्ट परत चालवायच्या ते शोधायला.

आणि अजून एक, इंटरव्ह्यूला पुण्याहून काही लोक गाइडचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतात, पाढे म्हटल्यासारखं, तेव्हा समोरचा असेसर हळूच विचारतो की बरं, मागच्या रिलीजला हे कसं केलं, आणि खोलीत शांतता. गाइड पाठ असणं आम्हाला नकोच असतं. तुमच्या प्रोजेक्टचं तुम्हाला माहीत असणं हवं असतं.

पण गाइडचा उपयोग नाही हेही मला पटत नाही. दोन असेसर, एक म्युनिकचा एक चेन्नईचा, एकाच एविडन्सला एकसारखं रेटिंग देतील यासाठीच ते रेटिंगचे नियम आहेत. पूर्वी सप्लायर रडायचे की अमुक असेसर कडक आणि तमुक मवाळ, आता निदान वाद घालायला पान नंबर तरी आहे.

टेस्टरबाई_हिंजवडी

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. व्हर्जन विचारून घेतलं, ४.० च आहे, म्हणजे ड्रॉवरमधलं गाइड परत ड्रॉवरमध्ये. कंपनीने पुस्तक मागवायला हो म्हटलंय (खरेदी खात्याकडून येईपर्यंत असेसमेंट होऊन जाईल ती गोष्ट वेगळी).

एकच विचारते, लेव्हल २ पाहिजे म्हणजे लेव्हल १ (मूळ काम प्रत्यक्ष होतंय का) जेमतेम असली तर चालते का? मॅनेजर म्हणतात लेव्हल २ च्या प्लॅनिंग, मॉनिटरिंगवर जोर दे, इंजिनिअरिंगचं बघून घेऊ.

लेव्हलदोन_ला_पोचलो

नाही चालत, आणि हे मॅनेजरना आजच सांगा. रेटिंग चार आहेत, एन, पी, एल, एफ (साधलं नाही, थोडं साधलं, बरंचसं साधलं, पूर्ण साधलं). एल म्हणजे ५० टक्क्यांच्या वर ते ८५ पर्यंत, एफ म्हणजे ८५ च्या वर. एखाद्या प्रोसेसला लेव्हल २ मिळवायची तर तिची लेव्हल १ एफ पाहिजे, तिथे एल पुरत नाही. लेव्हल २ च्या दोन अॅट्रिब्यूटना (मोजायच्या बाबींना) मात्र एल चालतो. म्हणजे इंजिनिअरिंग कच्चं ठेवून प्लॅनिंग कितीही छान केलं तरी लेव्हल १ वरच बसणार. हे मूळ फुकटच्या पीडीएफमध्ये एका तक्त्यात आहे, पुस्तकाची वाट बघायची गरज नाही.

आता सुरुवात कशी करायची, तर पहिल्या पानापासून वाचू नका. तुमच्या प्रोजेक्टमधलं एक फीचर घ्या, तुम्ही स्वतः टेस्ट केलेलं, आणि सिस्टिम रिक्वायरमेंटपासून टेस्ट रिझल्टपर्यंत श्टुटगार्टवाले म्हणाले तसं क्लिक करत जा. जिथे अडकाल तिथली प्रोसेस पीडीएफमध्ये उघडा, आधी आउटकम वाचा, मग नोट्स, मग बेस प्रॅक्टिस. मग अजून एक फीचर, शक्यतो ज्यात मध्येच बदल झाला होता असं, म्हणजे एसयूपी.१० म्हणजे चेंज रिक्वेस्ट आणि एसयूपी.८ म्हणजे कॉन्फिगरेशन पण आपोआप तपासलं जाईल. सेगफॉल्ट साहेबांसारखा एक डेव्हलपर शेजारी बसवा, तो जिथे शिव्या देईल तिथे बहुतेक खरा गॅप असतो.

सेगफॉल्ट_साहेब

बसतो, पण शुक्रवारी नाही