भोकांमागची गोष्ट

‘कागद कापून चिकटवायचे, त्यात काय एवढं?’ हे मुलांच्या पुस्तकांचा अमेरिकी चित्रकार-लेखक एरिक कार्ल याच्याबद्दलचं मत मला पटलं नाही. तो तयार रंगीत कागद कापत नसे. पातळ टिश्यू कागदावर ॲक्रिलिक रंगांचे हात मारायचे, ब्रशनं, बोटांनी, गालिच्याच्या तुकड्यानं पोत उठवायचा, वाळले की रंगवार खणांत ठेवायचे. चित्र सुरू होतं ते त्यानंतर!

‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे अधाशी सुरवंटाचं पुस्तक (१९६९) सुचलं तेही कागदांच्या गठ्ठ्याला पंचनं भोकं पाडताना. आधी नायक होता पुस्तक कुरतडणारा किडा. संपादिका ॲन बेनेड्यूस यांना तो काही भावेना. त्यांनी सुरवंट सुचवला आणि कार्लला लगेच फुलपाखरू दिसलं. (चांगला संपादक काय करतो, ते इथे कळतं.) सुरवंटानं खाऊन पाडलेली पानांतली भोकं आणि लहानमोठ्या रुंदीची पानं अमेरिकेत छापणं परवडेना, म्हणून छपाई जपानात झाली.

आणि ते भडक रंग ‘बाळबोध’ म्हणण्याआधी त्याचं बालपण पाहा. जन्म १९२९चा, अमेरिकेतला. सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर जर्मनीत, म्हणजे थेट नाझी राजवटीत. वडील युद्धावर गेले, पुढे रशियनांच्या कैदेत. त्या काळात चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याला बंदी असलेली आधुनिक चित्रं गुपचूप दाखवली. १९५२मध्ये तो न्यूयॉर्कला परतला आणि बरीच वर्षं जाहिरातींत राबला. त्यातल्याच एका जाहिरातीतला लाल लॉब्स्टर बघून लेखक बिल मार्टिन यांनी त्याला पुस्तकासाठी बोलावलं. तोवर गडी पस्तिशी ओलांडून गेला होता.