‘सिच्युएशनिस्टांचा आदर्श घ्या’ म्हणे! आणि घरखर्च कोण बघणार?

खडूसकाका
कालच्या ‘मराठी लेखक-कलावंतांनी सिच्युएशनिस्टांचा आदर्श घ्यावा’ या धाग्यावर वाहवांचा पाऊस पडला. (सिच्युएशनिस्ट म्हणजे ‘सिच्युएशनिस्ट इंटरनॅशनल’ ही युरोपातल्या बंडखोर कलावंत-लेखकांची संघटना.) म्हणणं असं, की त्यांनी पुरस्कार लाथाडले, कुणाचा पैसा घेतला नाही, मे ६८, म्हणजे फ्रान्समधलं विद्यार्थी-कामगारांचं बंड, घडवून आणलं. आणि आपले लोक मात्र संमेलनाच्या मांडवात मंत्र्याच्या शेजारची खुर्ची शोधतात. उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आदर्श कसला डोंबलाचा? जुलै १९५७ मध्ये इटलीतल्या एका खेड्यात जेमतेम आठ डोकी जमली आणि एकदम ‘आंतरराष्ट्रीय’ झाली. त्यात सामील झालेली लंडनची संघटना म्हणजे एकटा चित्रकार राल्फ रमनी. व्हेनिसवरचा अहवाल वेळेत दिला नाही म्हणून त्यालाही वर्षभरात नारळ. १९६० मध्ये इटालियन चित्रकार पिनो-गालिझिओ, १९६२ मध्ये म्युनिकच्या चित्रकारांचा अख्खा गट. १९७२ मध्ये गाशा गुंडाळला तोवर ७०च्या आसपास सभासद होऊन गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त हाकललेले. आमच्या सोसायटीच्या कमिटीत याहून जास्त लोकशाही आहे, आणि तिथे आमचे सेक्रेटरी बसतात!

रातकिडा
काका, हकालपट्ट्या मोजायला फार अक्कल लागत नाही. अब्देलहाफिद खातिब हे नाव ऐकलंय? हा अल्जेरियन सभासद १९५८ मध्ये पॅरिसच्या ले आल बाजाराचा पायी फिरून अभ्यास करत होता. तेव्हा उत्तर आफ्रिकेच्या लोकांना रात्री रस्त्यावर फिरायला बंदी. पोलिसांनी त्याला दोनदा उचलून रात्रभर डांबलं. लेख अपुराच राहिला आणि तो का अपुरा राहिला ते लिहून तसाच छापला. अल्जेरियाच्या युद्धाविरुद्धच्या १२१ जणांच्या जाहीरनाम्यावर १९६० मध्ये चळवळीच्या म्होरक्याची, गी दबोरची सही आहे, सभासद मिशेल बर्नस्टाइनची आहे. त्यांच्या नियतकालिकाच्या अंकात छापलेलं कुणीही उचला, भाषांतर करा, नावसुद्धा देऊ नका, अशी उघड परवानगी. आणि १९६४ मध्ये अमेरिकेतला गुगेनहाइम पुरस्कार मिळाला तेव्हा संस्थापकांतल्या डॅनिश चित्रकार आस्गर योर्ननं ‘तुझे पैसे घेऊन जहन्नममध्ये जा’ अशी तार केली. आपल्याकडे शाल-श्रीफळ तरी कुणी परत करतं का?

मंदाकिनी
तार मलाही आवडते. पण योर्नची चित्रं विकली जात होती, म्हणून त्याला ती परवडली. १९६१ मध्ये तो बाहेर पडला, तरी त्याच्याच पैशावर यांचे अंक निघत राहिले. कुणाचा पैसा घेतला नाही म्हणे!

आणि मिशेल बर्नस्टाइनचं काय? दबोरनं १९५३ मध्ये पॅरिसच्या भिंतीवर ‘कधीही काम करू नका’ लिहिलं, पुढच्या वर्षी लग्न केलं. मग बाई शर्यतीच्या घोड्यांची राशिभविष्यं लिहायची, पुढे जाहिरातीत नोकरी. म्हणजे काम करायचं नाही ते त्यानं.

माझे वडील अनियतकालिक काढायचे. आई शाळेत शिकवायची. खोलीत प्रस्थापितांची सालं काढणं चालू आणि आई स्टोव्हपाशी, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. चहा उतू गेला तरी आतून कुणी उठत नसे. कागदाचं बिल तिच्या पगारातून. वडिलांवर आजही लेख येतात. त्यात आई ‘समर्थ साथ’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असते.

रातकिडा
आईंबद्दल आदर आहे, पण बर्नस्टाइनला त्यांच्या जागी बसवू नका. ती त्या आठांतली एक होती. स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या, लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये १९६४ साली चळवळीची ओळख तिनंच करून दिली. तिला फक्त पोशिंदी म्हणणं हाही अपमानच.

मंदाकिनी
‘फक्त’ मी कुठे म्हटलं? कादंबऱ्याही तिनं पैशासाठीच लिहिल्या, हेही सांगा की. लिहायचंही तिनं, कमवायचंही तिनं आणि सिद्धांत यांचा. आदर मात्र भरघोस, तो फुकट असतो.

चोपदार
ताई शंभर टक्के. पैशाचं निघालंच आहे म्हणून: एका ग्रंथमहोत्सवात कविता वाचायला बोलावलं होतं. रात्रभर एसटीनं गेलो. मानधन म्हणून स्मृतिचिन्ह, त्यावर माझं आडनाव चुकलेलं. स्वागताध्यक्षांचा फोटो मात्र कमानीवर. असल्यांनी मला क्रांती शिकवू नये!

खडूसकाका
चोपदार, तुमचं स्मृतिचिन्ह प्रत्येक धाग्यात येतं. विषयावर या. ‘मे ६८ घडवलं’वर कुणी बोलतच नाही. संपावर कोटीच्या घरात कामगार होते, ते यांची पत्रकं वाचून उतरले होते का? आणि यांचा थोर सिद्धांतकार राऊल व्हानेगेम ऐन मेमध्ये कुठे होता? भूमध्य समुद्रावर सुट्टीला!

रातकिडा
सुट्टीचं खरं आहे आणि १९७० मध्ये त्यावरून त्याला त्यांनीच जाहीर सोलून काढलं. आपल्यात एवढी तरी हिंमत आहे? ‘घडवलं’ हे अतिच, मान्य. पण विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाच्या ताबा समितीत हे होते आणि कारखाने कामगारांनी ताब्यात घ्यावेत म्हणून पत्रकं काढत होते. कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी तेव्हा संप आवरता घ्यायच्या मागे होते.

पॅरिसवासी
२००९ मध्ये फ्रान्स सरकारनं दबोरची कागदपत्रं ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवली. २०१३ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांचं प्रदर्शन झालं, मी गेलो होतो. त्याची वाचताना केलेली टिपणं काचेत ओळीनं मांडलेली आणि बाया-बापे माना तिरप्या करून त्याचं अक्षर वाचताहेत. मंत्र्याच्या शेजारची खुर्ची त्यालाही मिळालीच, फक्त मेल्यावर.

रातकिडा
मेलेल्या माणसानं नाही म्हणायचं कसं? बाकी पैसा घ्यायचा तर फ्रान्समधल्या स्ट्रासबूरसारखा घ्यावा. १९६६ मध्ये यांच्या समर्थकांच्या हाती तिथल्या विद्यापीठाची विद्यार्थी संघटना आली. तिच्या निधीतून सिच्युएशनिस्ट सभासद मुस्तफा खयातीनं लिहिलेल्या पुस्तिकेच्या १०,००० प्रती काढल्या. पुस्तिकेत विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची, विद्यापीठाची सालटी. शैक्षणिक वर्षाच्या उद्घाटनालाच वाटली. शेवटी कोर्टानं संघटनेवर प्रशासक नेमला.

खडूसकाका
म्हणजे ‘कुणाचा पैसा घेतला नाही’ हे तुम्हीच निकालात काढलंत. आभारी आहे.

चोपदार
मग पुढच्या संमेलनाच्या अनुदानातून अशी पुस्तिका काढूया की! मी लिहितो.

मंदाकिनी
लिहा. प्रुफं कोण तपासणार, गठ्ठे कोण उचलणार आणि चहा कोण करणार, ते आधी ठरवा. मी नाही.