घरचे सामने हवेतच

पश्चिम महाराष्ट्राची व्यावसायिक बास्केटबॉल लीग एकाच शहरात पंधरा दिवसांत उरकावी, खर्च वाचेल, असं इथे एकाने सुचवलंय. मला हे अजिबात पटत नाही. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान बास्केटबॉल लीगचा २००९-१० चा पहिला हंगाम बघा. सहा देशांचा एकेक संघ, सामने आळीपाळीने घरी आणि परक्या मैदानावर. अंतिम मालिकेत फिलिपीन पॅट्रियट्सने इंडोनेशियाच्या सत्रिया मुडाला ३-० हरवलं. खर्च तिथेही होताच, पण प्रत्येक शहराला आपला संघ डोळ्यांनी बघता आला.

आपल्याकडे यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये आली, पुणे-मुंबईचे संघही होते, २०१७ नंतर थांबली. त्यातला पुण्याचा संघ, पुणे पेशवाज, सोलापूरच्या पोरांना आपला वाटावा, तर एखादा सामना इथे सोलापुरात व्हायला हवा होता!

प्रवासाचं म्हणाल, तर पुणे-सोलापूर हुतात्मा एक्स्प्रेस आहे, आता वंदे भारतही आहे. खरी अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, सिमेंटच्या कोर्टवर दुपारी पाय ठेववत नाही. म्हणून हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवा, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात सोलापूरला सामना नको. तेव्हा अख्खं शहर सिद्धेश्वराकडे असतं.