स्टँडजवळच्या जागेसाठी खास तिथलंच काहीतरी करायचंय, सुचवा

यावलकर:
नमस्कार मंडळी, आमच्या गावात स्टँडला लागून मोकळी जागा आहे, मधोमध मोठा निंब. ग्रामपंचायतीला सुशोभीकरण करायचंय आणि चर्चा चाललीय फायबरच्या केळीच्या घडाची नाहीतर 'आय लव्ह' वाल्या सेल्फी पॉइंटची. आम्हा पोरांना वाटतं असं काही व्हावं जे फक्त त्याच जागेचं असेल, उचलून दुसऱ्या गावात ठेवलं तर अर्थच उरणार नाही. सुरुवात कुठून करायची? बजेट थोडंच आहे.

तापीकाठ:
दादा फायबर नकोच, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आपल्याकडे, रंग उडतो अन् तडे जातात. आपला काळा दगड घ्या. रॉबर्ट स्मिथसन नावाच्या कलाकाराने १९७० ला अमेरिकेत युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये 'स्पायरल जेट्टी' नावाचं शिल्प केलं ते पण तिथलाच काळा बेसॉल्ट दगड अन् माती टाकून, १५०० फूट लांब वळसा, पाणी वाढलं की वर्षानुवर्षं बुडून राहतो अन् उतरलं की मिठाने पांढरा होऊन वर येतो. अन् लांब कशाला, अजिंठा बघा ना, वाघूर नदीच्या वळणावरचा कडा खोदून लेणी केली, पूर्वी लेण्यांतून थेट नदीपर्यंत दगडातच पायऱ्या होत्या. नदी वगळून अजिंठा समजतच नाही.

धुळेकर:
भाऊ, पहिले गावना लोकेसले इचारा. न्यूयॉर्कला १९८१ मध्ये शिल्पकार रिचर्ड सेराने सरकारी ऑफिससमोरच्या चौकात 'टिल्टेड आर्क' उभारलं, १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत, खास त्या जागेसाठी. पण रोज कामाला येणाऱ्यांना वळसा पडायचा, मग तक्रारी, सुनावणी, कोर्ट, शेवटी १९८९ ला रात्रीतून कापून काढली. सेरा म्हणायचा ती हलवणं म्हणजे नष्ट करणं, ते मला पटतं, पण माणसांची रोजची वाट पण त्या जागेचाच भाग असते ना. तुमच्या निंबाखाली कोण कधी बसतं ते आधी बघा.

यावलकर:
सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाजार करून एसटीची वाट बघणाऱ्या बाया. सावली सरकते तशा त्या पण सरकतात.

तापीकाठ:
मग सापडलं की! उन्हाळ्यात तासातासाला सावलीची कड कुठं येते ते चुन्याने आखा अन् त्याच रेषांवर काळ्या दगडाचे बुटके ओटे करा, गावातला पाथरवट असेल तर त्यालाच घ्या. फक्त बुंध्याभोवती सिमेंट ओतू देऊ नका, मुळांना पाणी मिळालं पाहिजे.