मदत हवी आहे: १९६० ची बीटल मागून डावीकडे बसली आहे, उंची कशी जुळवायची?

कासववाला

मंडळी, गाडी १९६० ची फोक्सवॅगन बीटल. आजोबांनी गोवा मुक्तीच्या आदल्या वर्षी, पोर्तुगीज अमदानीत घेतलेली. घरात तिला कासव म्हणतात. आम्ही फोंड्याजवळ राहतो. रोज चालवत नाही, पण रविवारी म्हार्दोळपर्यंत फेरी होते आणि चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडणीचं) सामान अजूनही तिच्यातूनच येतं.

गेल्या मे महिन्यात मागच्या डाव्या बाजूचं गंजकाम काढलं. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, फेंडरच्या आत बोट फिरवलं की पापुद्रे हातात येत होते. ओळखीच्या एका गॅरेजात दिली. त्यांनी स्प्रिंग प्लेटचे (मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचे) रबरी बुश बदलले, आतून रंग मारला आणि पंधरा दिवसांनी गाडी परत केली. तेव्हापासून ती मागून डावीकडे झुकून उभी राहते. शेजारच्या आजी परवा म्हणाल्या, "कासवाक लकवो मारलो मरे?"

डाव्या मागच्या टायरची आतली कड तीन महिन्यांत गुळगुळीत झाली. उजवा टायर ठीक आहे.

गॅरेजवाल्याकडे पुन्हा गेलो. त्याचा पहिला उपाय, कमानीत एक पाटा वाढवू. अरे बाबा, हिला कमानच नाही, पाटा कुठे घालणार? दुसरा उपाय, शॉकॲबवर कॉइल स्प्रिंग चढवू. तो मी ऐकला नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे हिच्या मागच्या दोन्ही चाकांना एकेक टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे, आणि त्याचे दाते पुढेमागे करून उंची बदलते. किती दाते आणि कुठल्या दिशेने, हे कोणी मराठीत नीट सांगेल का? फरक मोजला तर एकदा १० मिमी येतो, एकदा ३१. हेही कळत नाही.

डिचोलीचा पाना

आधी मोजणं सुधारा. दात्यांचं नंतर बघू.

१० आणि ३१ येतो कारण तुम्ही बहुधा जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजताय. ही स्विंग ॲक्सलची गाडी, म्हणजे दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल चाकासकट वरखाली झुलतात. उचलली की चाकं खालून आत वळतात आणि खाली ठेवली तरी तशीच अडकून राहतात, मागचा भाग उंचच दिसतो. वीस-तीस मीटर पुढे-मागे फिरवा, मागच्या बंपरवर दोनदा बसा, मग टेप लावा. दोन्ही टायरांत हवा सारखी. जमीन सपाट. आपल्याकडच्या जांभ्याच्या अंगणात मोजून काही उपयोग नाही.

मडगावकर_८००

डाव्या टायरमध्ये पाच पौंड हवा जास्त भरा, काम संपलं. 😀

कासववाला

@मडगावकर, तोही सल्ला गॅरेजात मिळून झालाय.

@पाना, धन्यवाद. काल गाडी देवळाच्या अग्रशाळेसमोर (भाविकांच्या धर्मशाळेसमोर) नेली, तिथे नवीन काँक्रीट आहे. गवंड्याकडून पाण्याची नळी आणून चारही चाकांखालची पातळी बघितली. डाव्या मागच्या चाकाखाली ४ मिमी उतार निघाला, तिथे पत्र्याचा तुकडा सरकवला. मग तुम्ही सांगितलंत तशी गाडी फिरवून, रिमच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत तीनदा मोजलं. तीनही वेळा डावी बाजू १८ मिमी खाली.

गंमत म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, आणि बॅटरीही मागच्या सीटखाली उजवीकडेच. म्हणजे खाली बसायचीच तर उजवी बाजू बसायला हवी होती!

जुना लोखंडवाला

चांगलं मोजलंत. आता अजून एक चाचणी करा. पुढच्या बीमच्या (पुढची दोन्ही चाकं धरणाऱ्या आडव्या सांगाड्याच्या) बरोबर मध्याखाली एकच जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जेमतेम उचला. मागची चाकं जमिनीवरच. लाकडाचा ठोकळा मध्ये घ्या, बीम चेपू नका, आणि बाजूला घोड्या (गाडी पडू नये म्हणून ठेवायचे टेकू) हव्यातच, पण बीमला टेकतील अशा नव्हे. आता मागचा फरक पुन्हा मोजा.

कारण असं. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला तर कुठला, ते वरून कळत नाही. पुढचं टोक एका बिंदूवर आलं की उरतात तीन पाय. फरक नाहीसा झाला तर दोष पुढच्या बीमचा, वाढला तर दोष मागचाच, आणि इतके दिवस पुढचा बीम तो लपवत होता.

कासववाला

केलं. २९ मिमी झाला!

जुना लोखंडवाला

मग मागचाच. आणि माझा अंदाज सांगतो, तुमच्या गॅरेजवाल्याने बार पूर्ण बाहेर काढला होता.

बारच्या आतल्या टोकाला, म्हणजे चासीच्या मध्याकडे, ४० दाते असतात. बाहेरच्या टोकाला, जिथे स्प्रिंग प्लेट बसते, ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश. बाहेरचा एक म्हणजे साधारण ८ अंश १० मिनिटं (६० मिनिटांचा एक अंश). बारच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत अंतर धरा अंदाजे ४० सेंमी. नुसती प्लेट काढून बाहेरचा एक दाता चुकवून बसवली असती, तर चाकाशी जवळजवळ ५८ मिमी फरक पडला असता. तुमचा २९ आहे. नुसत्या बाहेरच्या दात्यांनी २९ येऊच शकत नाही. म्हणजे आतलं टोकही सुटलं आणि नव्या जागी बसलं. खूण न करता काढला असणार.

कासववाला

काका, तुम्ही तिथे होतात का? मी एकदा डोकावलो तेव्हा बार खरंच जमिनीवर वर्तमानपत्रावर पडला होता, नुकताच काळा रंग मारलेला. मला वाटलं, केवढी काळजी घेतोय.

जुना लोखंडवाला

रंग मारला ते चांगलंच केलं. त्या बारवर ओरखडा पडून गंज धरला की तिथूनच तो तुटतो. पण बसवताना बाराखडी चुकली.

आता हिशेब. आतला एक दाता एका दिशेला आणि बाहेरचा एक उलट दिशेला नेला की उरतो ९ अंश वजा ८ अंश १० मिनिटं, म्हणजे ५० मिनिटं. चाकाशी पावणेसहा मिलीमीटरच्या आसपास. हीच त्या ४० आणि ४४ मधली करामत, दोन्हीकडे सारखेच दाते असते तर एवढं बारीक जुळवताच आलं नसतं. तुम्हाला २९ हवेत, म्हणजे अशी पाच पावलं.

दिशा नीट वाचा. गाडीच्या डाव्या बाजूला, चाकाकडे तोंड करून उभे राहा. गाडीचं नाक तुमच्या डाव्या हाताला, प्लेट उजवीकडे जाते. मागची बाजू उचलायची तर प्लेटचं मोकळं टोक खाली जायला हवं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. म्हणून बार आतल्या दात्यांत पाच दाते काट्यांप्रमाणे फिरवा, मग प्लेट बाहेरच्या दात्यांवर पाच दाते काट्यांच्या उलट. ४५ वजा ४१, म्हणजे चार अंश खाली. उजव्या बाजूला हेच सगळं उलटं होतं, पण तिकडे हात लावू नका.

उलट तोच तुमचा नमुना. ताण सोडून दोन्ही प्लेटा मोकळ्या लोंबत असताना उंबऱ्याच्या पट्टीशी त्यांचा कोन मोजा. फोनमधलं बुडबुड्याचं ॲपही चालेल. फरक चार अंशांच्या जवळ आला तर माझा हिशेब बरोबर. नाही आला तर थांबा आणि इथे लिहा.

डिचोलीचा पाना

सावधगिरीचं मी सांगतो, कारण माझी करंगळी त्यात वाचलीय.

प्लेट खालच्या ओठावर (चासीच्या पुढे आलेल्या कडेवर) टेकलेली असते आणि तेव्हाही तिच्यात भरपूर ताण असतो. कव्हरचे चार बोल्ट काढलेत आणि टॉमीने ओठावरून सरकवलीत की ती धाडकन खाली येते. खाली जॅक घेऊन, जॅकचं डोकं आणि प्लेट साखळीने बांधून, मग हळूहळू उतरवा. आणि पायाची बोटं, पोरं, कुत्रं, सगळं लांब.

ॲक्सल प्लेटला जोडणारे बोल्ट सोडण्याआधी दोन्हींवर आडवी छिन्नीची खूण करा. नाहीतर उंची जुळेल आणि चाकाची दिशा बिघडेल. बार बाहेर काढायला फेंडरचे पुढचे बोल्ट सोडून पत्रा थोडा बाहेर ओढावा लागतो. त्या बोल्टांवर आदल्या रात्रीपासून तेल सोडत राहा. डावा-उजवा बार अदलाबदल करायचा नसतो, टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं, तेही बघून घ्या. आतल्या दात्यांना ग्रीस, पण रबरी बुशला ग्रीस अजिबात नाही, टाल्कम पावडर लावा.

मडगावकर_८००

एवढं करतोच आहात तर दोन्हीकडे इंचभर उंच करा ना. आमच्याकडचे गतिरोधक बघता...

जुना लोखंडवाला

नको. स्विंग ॲक्सलला मागून उंच केलं की चाकं वरून बाहेर झुकतात, आणि जोरात वळणावर चाक पोटाखाली दुमडायला बघतं. बोरी पुलाच्या उताराला हा अनुभव घ्यायची गरज नाही.

कासववाला

अपडेट. शनिवारी सकाळी सातला सुरू केलं, पोदेरचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजत होता. संपलं तेव्हा देवळात आरती चालू होती. मोकळ्या प्लेटांच्या कोनात फरक निघाला ४.२ अंश. काका, दंडवत.

टोकावर एल होतं, एवढं तरी गॅरेजवाल्याने बरोबर केलं होतं. आतले पाच, बाहेरचे पाच. पहिल्यांदा मी बाहेरचे चारच मोजले आणि प्लेट इतकी खाली गेली की ती ओठावर परत चढेना. तासभर त्यातच गेला. मग दात्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, दुसऱ्यांदा जमलं.

आज अग्रशाळेसमोर त्याच जागी, तोच पत्र्याचा तुकडा ठेवून मोजलं. डावी बाजू ३ मिमी खाली. पुढे कधी बुश बदलताना बघू. शेजारच्या आजींनी पास केली आहे.

तेल रात्रभर सोडलं होतं, तरी फेंडरचे दोन बोल्ट तुटलेच. त्याचा वेगळा धागा काढतो.